काचेचं निळं पाणी

धाड गावच्या त्या शाळेत बावीस लॅपटॉप आले, त्या दिवशी शिपाई पुष्पांजली खोलीच्या दाराशी चपला काढून आत गेली. ते पाहून गजेंद्रला हसू आलं. तो म्हणाला, "ताई, देवघर नोय ते. मशिना हायेत."

"असू द्या ना सर. धूळ तं पायानंच येते," ती म्हणाली, आणि खोकी उचलायला लागली.

गजेंद्र त्या शाळेत नऊ वर्षांपासून कॉम्प्युटर शिकवत होता. एम.एस्सी. झालेला, बुलढाण्याहून रोज मोटरसायकलवर येणारा. नऊपैकी सात वर्षं त्यानं कॉम्प्युटर फळ्यावर काढून शिकवला होता. मग पुण्याची एक देणगी देणारी मंडळी जुने पण चांगले लॅपटॉप शाळांना देतात असं त्याला कळलं, आणि दोन वर्षं तो अर्ज लिहीत राहिला. फोटो पाठवले, माहिती भरली, पुन्हा भरली. मुख्याध्यापक भगवंतराव सही करताना दर वेळी म्हणायचे, "होत नसते हो हे." आणि एक दिवस टेम्पो येऊन उभा राहिला. त्या दिवशी गजेंद्रनं घरी पेढे नेले होते.

लॅपटॉप जोडून द्यायला बुलढाण्याहून खुर्शीदभाई आला. बसस्टँडच्या मागे त्याचं दुरुस्तीचं दुकान. दोन दिवसांत त्यानं सगळं बसवलं आणि जाताना गजेंद्रला म्हणाला, "सर, इथं धूळ लई हाये. रस्ता समोर, वावर मागे. साफ कसं करायचं ते एकडाव पाहून घ्या. निम्म्या मशिना लोक साफ करूनच मारतात."

गजेंद्रच्या कानाला फोन होता. त्यानं हातानंच खूण केली, पुष्पाताईला दाखवा.

म्हणून पुष्पांजली खाली बसली आणि खुर्शीदभाईनं तिला शिकवलं. पहिले मशीन पूर्ण बंद, नुसती स्क्रीन काळी झाली म्हणजे बंद नाही. मग चार्जर काढायचा. हात लावून पाहायचं, गरम असेल तर थांबायचं. चष्मा पुसायचं असतं तसलं मऊ फडकं घ्यायचं, आधी कोरडंच फिरवायचं, जोर द्यायचा नाही. तेवढ्यानं डाग गेला नाही तरच बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, तेही फडक्याला लावायचं, स्क्रीनवर नाही. फडकं ओलं वाटलं पाहिजे, पिळलं तर थेंब पडायला नको.

"अन् सीदं फवारलं तं?" तिनं विचारलं.

"तं पाणी खालच्या पट्टीतून आत उतरते ताई. आत गेलं का मंग वापस नाही येत."

"काचेचं निळं पाणी राह्यते, ते चालते का?"

"बिलकुल नाही. ही खिडकीची काच नोय. हिच्यावर एक पातळ थर राह्यते, उजेड डोळ्यात मारू नये म्हणून. ते पाणी तो थरच खाते." मग त्यानं एक लहान बाटली काढली. "हे स्पिरिटवानी उडून जाते. आयपीए म्हणतात. हे फक्त वरच्या कव्हरले अन् बटनाले, तेही फडक्यावर घेऊन. स्क्रीनले हात नाही लावायचा याचा."

पुष्पांजली सातवी शिकलेली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकच मुलगी छकुली, ती याच शाळेत नववीत. तिनं सगळं ऐकलं आणि एकदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मऊ कापड आणून त्याचे बावीस तुकडे केले, कडा हातानं दुमडून शिवल्या आणि प्रत्येकावर धाग्यानं आकडा काढला. एका लॅपटॉपचं फडकं दुसऱ्याला लावायचं नाही. बटनांमधला कचरा काढायला दाढीचा नवा ब्रश आणला. पोरं हात धुऊन, पुसून आत यायची, कारण दारात मावशी उभी असायची.

दोन-तीन महिन्यांत असं झालं की गुरुजी लोक आपापले लॅपटॉप तिच्याकडे आणून द्यायला लागले. बँकेतला एक जणही आपला घेऊन आला. पाहुणे आले की भगवंतराव त्यांना लॅबकडे नेत आणि म्हणत, "आमच्या पुष्पाताईचं काम पाहा." पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी तिला पुढे बोलावून नारळ दिला. माइकवर म्हणाले, "लॅब काय असते ते कोणाले पाह्यचं असंन तं पुष्पाताईची पाहा."

पुष्पाताईची लॅब. गजेंद्रनं टाळ्या वाजवल्या. दोन वर्षं लिहिलेले अर्ज त्याला आठवत होते, आणि त्या अर्जांचं नाव कोणी घेतलं नाही हेही. घरी गेल्यावर त्यानं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "एका शिपाईनबाईले नारळ भेटला तं तुमचं काय गेलं?" त्याला स्वतःलाही ते बारीक मनाचं वाटलं. पण वाटलं म्हणून गेलं नाही.

डिसेंबरात पुण्याहून निरोप आला. देणगी देणारी मंडळी सोमवारी अकरा वाजता लॅब पाहायला येणार. चांगलं दिसलं तर आणखी वीस मशिना मिळायच्या होत्या. शनिवारी शाळा सुटल्यावर पुष्पांजली लॅबमध्ये शिरली ती पाच वाजता बाहेर आली. बावीसच्या बावीस मशिना पुसून, झाकून, रजिस्टरमध्ये तारीख घालून तिनं सही केली. लॅबच्या किल्ल्या दोन. एक तिच्याकडे, एक गजेंद्रकडे.

रविवारी दुपारी गजेंद्र एकटाच धाडला आला. मशिनांचे अपडेट राहिले होते. सोमवारी पाहुण्यांसमोर एखादं मशीन अर्धा तास गोल फिरत बसलं तर लाज जाईल, म्हणून त्यानं सगळी चालू करून ठेवली आणि खिडक्या उघडल्या. ऊन आत आलं. उन्हात त्या स्क्रीन त्याला निस्तेज वाटल्या. चकाकत नव्हत्या. त्या चकाकायच्या नसतातच, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात कधीतरी वाचलेलंही होतं. पण पाहुणे फोटो काढणार होते.

मोटरसायकलच्या डिक्कीत, बायकोनं सांगितलेल्या सामानात, काचा पुसायच्या निळ्या पाण्याची फवाऱ्याची बाटली होती. त्यानं ती काढली. स्टाफरूममधून जुने पेपर आणले. पुष्पाताईला दुपारभर लागते, आपण अर्ध्या तासात करतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचं त्याला बरं वाटलं. मशिना चालूच होत्या, गरम होत्या. त्यानं सरळ स्क्रीनवर फवारलं, पेपराचा बोळा केला आणि खिडकीची काच घासावी तसं घासलं. ओघळ खाली जायचा, तो बोटानं पुसून घ्यायचा. एकापाठोपाठ एक, बावीस. शेवटी मागे उभा राहून त्यानं पाहिलं तर सगळ्या लखलखत होत्या. त्यानं अपडेट संपले तसे लॅपटॉप बंद केले, ओलसर होते तसेच मिटले, आणि कुलूप लावून निघाला.

सोमवारी साडेआठलाच तो लॅबमध्ये होता. पहिला लॅपटॉप उघडून त्यानं चालू केला. स्क्रीनच्या खालच्या बाजूला काळपट ढग उठला होता. त्याला वाटलं एकच आहे. दुसरा उघडला. त्याच्यावर पांढुरके चट्टे, जणू कोणी ओल्या हातानं चापटी मारली आणि ती तशीच वाळली. तिसऱ्याची खालची बोटभर पट्टी पूर्ण काळी. तो भराभर उघडत गेला. चौदा गेले होते. उरलेल्या आठांवर रेघा होत्या, पण लांबून दिसत नव्हत्या.

तेवढ्यात पुष्पांजली झाडू घेऊन दारात आली. चपला काढल्या. आत पाऊल टाकलं आणि थबकली. झाडू तसाच हातात धरून ती पहिल्या टेबलापाशी आली, मग दुसऱ्या.

"सर, हे काय झालं?"

गजेंद्रनं काही ठरवलं नव्हतं. पुढे कितीदा तरी त्यानं स्वतःला हेच सांगितलं, की मी ठरवलं नव्हतं. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "हेच तं मी तुमाले इचारून राह्यलो ताई. शनिवारी तुमी काय केलं हे?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. झाडू भिंतीला टेकवला.

पाहुणे आले तेव्हा चांगले आठ लॅपटॉप पुढच्या रांगेत मांडले होते आणि बाकीचे कपाटात कुलूपबंद होते. "पोट्टे आळीपाळीनं वापरतात," भगवंतराव हसून म्हणाले. मंडळी चहा पिऊन, फोटो काढून गेली. फाटक लागलं तसं भगवंतरावांचं हसू गेलं.

दुपारी स्टाफरूममध्ये सगळे जमले. एक बिघडलेला लॅपटॉप मधल्या टेबलावर ठेवला. भगवंतराव खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पुष्पा, तू कशी पुसते ते दाखव सगळ्याइले."

ती पुढे आली. तिच्या हातात त्याच लॅपटॉपचं, नऊ आकड्याचं फडकं होतं. तिनं आधी मशीन बंद केलं. चार्जर काढला. पाठीवर हात ठेवून पाहिलं आणि थांबली. एक गुरुजी हसले. "आरतीची वाट पाहून राह्यली का मावशी?" दोघं-तिघं आणखी हसले. फडकं स्क्रीनवर टेकवलं आणि ती तशीच वाकून राहिली. मग अजून जरा वाकली.

"हेडसर," ती म्हणाली, "याले काचेच्या पाण्याचा वास हाये. अन् हे पाहा, इथं कडेले पेपरची शाई लागली. माह्या फडक्याची शाई नाही निंगत."

भगवंतरावांनी मान वळवून गजेंद्रकडे पाहिलं. "सर, तुमी त्याच विषयातले. सांगा, कशानं होते असं?"

इथं तरी बोलता आलं असतं. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. फार तर चार दिवस बोलणी खावी लागली असती. गजेंद्रच्या घशाशी ते आलंही. पण समोर ते गुरुजी बसले होते, जे मघाशी हसले होते. आपण बोललो की ते आपल्यावर हसणार. एम.एस्सी. माणसाला जे कळलं नाही ते सातवी पास बाईला कळत होतं, हे गावभर सांगणार.

"ताईच्या कपाटात आयपीएची बाटली हाये," तो म्हणाला. "स्पिरिटच असते ते एक प्रकारचं. स्क्रीनवर मारलं का असंच होते."

बाटली आणली. अर्धी रिकामी होती.

"ते कव्हरले लावतो आमी. बटनाले," पुष्पांजली म्हणाली. "स्क्रीनले कधीच नाही. सरले माहीत हाये." ती गजेंद्रकडे वळली. "सर, सांगा ना. तुमाले माहीत हाये ना."

"मी काही पाहत नव्हतो बसलो तुमच्याजवळ," गजेंद्र म्हणाला.

भगवंतरावांनी कागद पुढे सरकवला. माझ्या हातून निष्काळजीपणे नुकसान झालं, असं लिहून दे आणि सही कर. पुष्पांजली कागदाकडे पाहत राहिली. "जे म्या केलं नाही ते लिहून कसं देऊ सर?" भगवंतराव तीनदा म्हणाले. तिनं तीनदा तेच उत्तर दिलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "नुकसान करून वरून तोंड चालवते," आणि उठले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर पोरांना वर्गात सोडलं नाही. भगवंतरावांनी माइक घेतला. शाळेच्या चौदा लॅपटॉपचं नुकसान कोणी केलं ते नाव घेऊन सांगितलं, आणि आजपासून पुष्पांजली कामावर राहणार नाही असं म्हणाले. पुष्पांजली पायरीपाशी उभी होती. ज्या माइकवरून तिला नारळ दिला होता तोच माइक. नववीच्या रांगेत छकुली उभी होती, गजेंद्रपासून दहा हातांवर. तिच्या मागच्या मुलीनं तिच्या वेणीला हात लावला आणि काहीतरी पुटपुटली, तशी रांगेतून फिदीफिदी हसू फुटलं. छकुलीनं मान खाली घातली ती वर केली नाही.

पुष्पांजलीच्या जागेवर चार दिवसांत नवा शिपाई आला. शाळेच्या अध्यक्षांच्या साडूचा मुलगा. त्याला लॅबची किल्ली दिली. तो चपला घालून आत जायचा.

छकुली आठवडाभर शाळेत आली. पोरं तिच्या बाकावर पाणी सांडायची आणि म्हणायची, "पूस ना, तुह्या मायनं शिकवलं नाही का?" कुणीतरी तिच्या वहीच्या कव्हरवर फडक्याचं चित्र काढून दिलं. कॉम्प्युटरच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसायची ती मागे जाऊन बसली. गजेंद्रच्या वर्गात तिच्याइतकी हुशार पोरगी दुसरी नव्हती. आठव्या दिवशी तिची जागा रिकामी होती. त्यानं हजेरी घेताना तिच्या नावापुढे रेघ मारली आणि पुढचं नाव वाचलं.

जानेवारीत खुर्शीदभाई नव्या स्क्रीन बसवायला आला. पहिल्याच लॅपटॉपची चौकट उघडून तो बराच वेळ आत पाहत राहिला. मग खिडकीपाशी नेऊन तिरपी धरून पाहिली.

"आयपीएनं झालं म्हणता?"

"हाव," गजेंद्र म्हणाला.

"नाही सर. आयपीए उडून जाते. हे काचेचं पाणी हाये, अन् वरून पेपर घासला. आत उतरलेलं दिसून राह्यलं ना, हे पाहा. चालू मशीनवर मारलं कोणीतरी." त्यानं चौकट खाली ठेवली. "ताईले मी शिकवलं, सर. ताई भूलकर बी असं नाही करत. लॅबची चाबी अजून कोणापाशी होती?"

गजेंद्र टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागला. खुर्शीदभाई थोडा वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिला, मग हात पुसून सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाला. गजेंद्र मागोमाग गेला. आता होणार ते होऊन जाऊ दे, असं त्याला वाटत होतं.

भगवंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला. खुर्शीदभाईनं उघडलेली चौकट टेबलावर ठेवून बोट लावून लावून दाखवलं. शेवटी भगवंतराव म्हणाले, "भाई, तुमी स्क्रीन बसवा. बाकीचं शाळा पाह्यते."

"पण साहेब, त्या बाईवर नाहक..."

"चहा घ्या."

खुर्शीदभाईनं कप उचलला नाही. तो गेल्यावर भगवंतरावांनी गजेंद्रला बसायला सांगितलं. दार लोटलं.

"घाबरू नका. मले तेव्हाच माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"रविवारी तुमची गाडी फाटकात उभी होती. समोरच्या पानटपरीवाल्यानं पाह्यली. सोमवारी दुपारीच त्यानं सांगतलं मले."

"मंग प्रार्थनेच्या वेळी..."

"अध्यक्ष वर्षभरापासून साडूच्या पोरासाठी जागा मागून राह्यले होते. कोणाले काढू? कारण पाह्यजे ना. तुमी देलं." भगवंतराव हसले, अगदी मनापासून, आणि एक जाड गठ्ठा त्याच्या पुढे सरकवला. "हे सगळ्या वर्गाइचे ऑनलाइन फॉर्म. यावर्षीपासून तुमीच भरत जा. अन् सुटीतलं प्रशिक्षण हाये, त्याले बी तुमचंच नाव टाकलं मी. चालते ना?"

"चालते सर," गजेंद्र म्हणाला.

त्या दिवसानंतर त्याला जेवण गोड लागेना. फॉर्म भरताना बोटं थांबायची. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्यानं मोटरसायकल बुलढाण्याच्या रस्त्याला न घेता गावाच्या कडेला वळवली. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. पुष्पांजली सुपात तूर पाखडत बसली होती. त्याला पाहून ती उठली, बाज टाकली, पाण्याचा तांब्या आणला. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. कापूस वेचायला जात होती हे त्याला नंतर कळलं.

तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. थंडी, तुरीचा भाव, नवा शिपाई. ती ऐकत राहिली. मग त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"ताई, ते लॅपटॉपचं..."

"मले माहीत हाये सर," ती म्हणाली. "चाबी दोघापाशीच होती. एक तुमी, एक मी. म्या केलं नाही तं कोण राह्यलं?"

"मंग तुमी तेव्हा काऊन नाही म्हणलं? सगळ्याइपुढे?"

"माह्यं कोण ऐकलं असतं? अन्..." ती सुपातल्या तुरीकडे पाहत होती. "अन् मले वाटे, तुमीच सांगसान. आज नाही तं उद्या. रोज वाटे."

गजेंद्रनं तोंडावरून हात फिरवला. "आता मी काय करू, तुमी सांगा. मी हेडसरले भेटतो. अर्ज करतो वर."

"नोकरी नोको मले वापस. अर्ज नोको. एकच काम करा." तिनं आत हाक मारली, "छकुले! बाहेर ये. सर आले."

छकुली ओढणीला हात पुसत बाहेर आली. महिन्याभरात वाळली होती. त्याला पाहून तिनं खाली वाकून नमस्कार केला.

"इले सांगा," पुष्पांजली म्हणाली. ती सरळ उभी होती. "एवढंच करा सर. बाकी गावाले काही नोका सांगू. ही मले रोज रातच्याले इचारते, आई, तुह्याच्यानं चुकून तं नाही झालं ना? माह्यी पोट्टी मले इचारते. इले सांगा का तुह्या मायनं नाही केलं."

छकुली आईकडे पाहत होती, मग सरांकडे. तिच्या डोळ्यांत अजून तीच नजर होती, जी पहिल्या बाकावरून त्याच्या फळ्याकडे असायची. सर सांगतात ते खरं असतं, अशी. जगात त्याच्याकडे असं पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. घरी बायको नव्हती पाहत, शाळेत आता भगवंतराव तर नाहीच.

"छकुली," गजेंद्र म्हणाला. "पाहा बेटा. चूक कोणाच्याही हातून होते. मोठ्या मोठ्या इंजिनिअरच्या हातून होते. तू आईवर राग नोको धरू."

मग छकुलीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला, जणू इतक्या दिवसांचं ओझं कुणीतरी खाली घेतलं. ती आईजवळ गेली आणि तिच्या खांद्याला हात लावून मऊ आवाजात म्हणाली, "पाह्य ना आई. सर बी तेच म्हणतात. झालं चुकून तं झालं. मी कुठं रागावली?"

पुष्पांजलीनं पोरीचा हात खांद्यावरून काढला नाही. तिनं फक्त गजेंद्रकडे पाहिलं. त्याला वाटलं ती ओरडेल, सूप फेकून मारेल. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"या सर आता," ती म्हणाली. खाली बसली आणि तूर पाखडायला लागली.

तो गाडीपाशी आला. किक मारली तर गाडी सुरू होईना. तीनदा मारली. मागून पावलं वाजली. छकुली धावत आली होती, चप्पल न घालता, धापा टाकत.

"सर, मी सोमवारपासून शाळेत येऊ का?"

त्यानं किकवरचा पाय काढला.

"पोट्टे हसले तं हसू द्या. मले वाटे, तुमी बी रागावले असान आमच्यावर. म्हणून मी येत नव्हती." ती हसली. "तुमी आईले माफ केलं ना सर?"

"ये," गजेंद्र म्हणाला. "सोमवारी ये."

सोमवारी ती आली. दोन वेण्या घट्ट घातलेल्या, गणवेश धुतलेला. पोरांनी बाकावर पाणी सांडलं, ते तिनं ओढणीनं पुसलं आणि बसली. आणि जे कोणी आईवरून बोललं त्याला ती न चिडता सांगायला लागली, की हाव, झाली माह्या आईकडून चूक, सरनं माफ केलं. असं दोन-चार दिवस सांगितल्यावर चिडवण्यातली मजा गेली आणि पोरं दुसऱ्या कुणाच्या मागे लागली. गावातही मग तेच पक्कं झालं. खुद्द पोरगी म्हणते म्हटल्यावर कोण काय बोलणार?

खुर्शीदभाईनं पुष्पांजलीला दुकानात कामाला बोलावणं पाठवलं, दोनदा. ती गेली नाही. दुसऱ्यांदा तो स्वतः आला तेव्हा ती म्हणाली, "भाई, मशीन पाह्यलं का मले कापरं भरते." ती वावरात जात राहिली. बाजाराच्या दिवशी गजेंद्र समोरून आला तर ती रस्ता बदलायची नाही. भाजीचं ओझं डोक्यावर घेऊन सरळ चालत यायची आणि त्याच्याकडे पाहायची, आणि बाजूला व्हावं लागायचं ते त्याला.

छकुली दहावीत शाळेत पहिली आली. निकालाच्या दिवशी तिनं गजेंद्रच्या पाया पडून पेढा दिला, आणि भगवंतरावांनी माइकवर सांगितलं, की गुरू असावा तर असा.